जॅक आत गेला

गाडी वर जायला हवी होती, ती जागची हलली नाही. जॅक मात्र वर चढत राहिला. आधी उडदाचा पापड चुरडावा तसा आवाज आला, मग ड्रायव्हरच्या बाजूच्या, दाराखालच्या रनिंग बोर्डाखालून तांबूस भुगा माझ्या चपलेवर सांडला आणि भाचा म्हणाला, "मावशी, थांब." मी थांबलेच होते. वाकून पाहिलं तर जॅकचं डोकं गाडीच्या पोटात चांगलं दोन बोटं शिरलेलं. वरचा क्रीम रंग मात्र तसाच, चकचकीत.

२०२३ ची दिवाळी नुकतीच आटोपली होती. टायर बदलायचे, बॅटरी घालायची आणि सुट्टी संपायच्या आत आईला गुहागरपर्यंत एक चक्कर मारून आणायची, एवढाच बेत. त्या दिवशी टायर काही बदलले गेले नाहीत, आणि पुढचं दीड वर्ष ती गाडी चाकांवर उभी राहिली नाही.

गाडी बाबांची. प्रीमियर पद्मिनी, १९८३ ची, एमएच यायच्या आधीच्या नंबराची. बाबांनी ती १९८८ मध्ये कराडच्या एका डॉक्टरांकडून सेकंडहँड घेतली आणि कुंभार्ली घाटातून चिपळूणला आणताना दोनदा तापवली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, पुढे तिघं सहज मावतील अशी सलग सीट. बाबांचं शालेय पुस्तकांचं दुकान होतं. जूनमध्ये गाडीत पुस्तकांचे गठ्ठे आणि बाकी वर्षभर आम्ही. दर मे महिन्यात गुहागर, आणि तिथे बाबा गाडी थेट पुळणीवर घालायचे. ओल्या वाळूवर चाकांची नक्षी उठलेली बघायला आम्हा पोरांना आवडायचं. बाबांना जास्त आवडायचं.

मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. म्हणजे गेली बावीस वर्षं फळ्यावर लोखंड गंजवते आहे. अॅनोड, कॅथोड, मधून पाण्याचा थेंब, बाण इकडे, बाण तिकडे, दोन मार्कांना हमखास. त्या थेंबाच्या आकृतीत एक गंमत आहे, जी मी दर वर्षी सांगत होते आणि मला स्वतःला कधी कळलीच नव्हती. थेंबाच्या कडेला हवा मुबलक पोचते, मध्यभागी कमी. झिजतं ते मधलं, हवेला पारखं झालेलं लोखंड. तांबडा गंज मात्र बाजूला, हवा असते तिकडे, साठतो. खड्डा एकीकडे आणि डाग दुसरीकडे. पाण्यात मीठ असलं की हा सगळा व्यवहार झपाट्याने होतो. परीक्षेत पोरं हे बरोबर लिहितात. मी मात्र दर दसऱ्याला गाडीला हार घालताना दारांच्या कडेचे तांबडे ठिपके बघून मनाशी म्हणत होते, आहे थोडासा गंज, वरवरचाच आहे.

त्यात २२ जुलै २०२१. वाशिष्ठी नदीचं पाणी रात्रीत चढलं आणि सकाळी आमच्या आळीत माणसं माळ्यावर होती. शेडमधली गाडी टपासकट बुडाली. पाणी ओसरल्यावर दुकानातली पुस्तकं फावड्याने काढावी लागली, त्या दिवसांत गाडीकडे कोण बघतंय? दिवाळीनंतर ती एका गॅरेजला दिली. तिथे त्यांनी इंजिन खोललं, सीटा उन्हात वाळवल्या, आतून-बाहेरून धुऊन काढली, खालून काळा कोट मारला आणि सांगितलं, "आता दहा वर्षं बघायला नको." आम्ही बघितलं नाही. बाबा २०१६ मध्येच गेले होते, नाहीतर त्यांनी तरी बघितलं असतं असं मला वाटायचं. ते वाटणं पुढे थोडं बदललं, त्याबद्दल सांगतेच.

मेस्त्री आमच्याच आळीतले, सत्तरीचे. एके काळी हायवेला त्यांचं डेंटिंगचं दुकान होतं. आता गुडघे धरतात म्हणून घरीच असतात. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मग स्क्रूड्रायव्हर उलटा धरून त्याच्या मुठीने पत्रा ठोकत दुसरी. चांगला पत्रा 'टण्' म्हणतो. कुजका 'भद्' म्हणतो. आणि लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली असेल तिथे काहीच म्हणत नाही. मी फ्रिजवरचं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून त्यांच्या मागोमाग फिरवत होते. मागच्या डाव्या मडगार्डावर ते चिकटलंच नाही, घरंगळून खाली पडलं. मेस्त्रींनी माझ्याकडे खडू मागितला. पर्समध्ये असतोच. भद् वाजेल तिथे ते फुली मारत गेले, आणि संध्याकाळी गाडीवर क्रीम रंगापेक्षा खडू जास्त होता.

"बाई, ह्यात गाडी कमी नि लांबी जास्ती हाय," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "पर टप नि खांब चांगले हायत. करू."

इथे पद्मिनीच्या हाडामासाबद्दल सांगायला हवं. जीपला खाली वेगळी चेसिस, म्हणजे भार वाहणारा सांगाडा, असते, वरची बॉडी म्हणजे नुसता अंगरखा. पद्मिनीला तशी चेसिस नाही. फियाटने १९५३ साली इटलीत नवी ११०० काढली तेव्हापासून ही जात एकसंध बॉडीची. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने कुर्ल्याला तीच घडवली. १९६४ मध्ये डिलाइट, मग प्रेसिडेंट, १९७४ पासून पद्मिनी. नावं बदलली, हाडं तीच राहिली. फ्लोअरचा पत्रा, दोन बाजूंचे पोकळ रनिंग बोर्ड, दारांमधले खांब आणि टप, या सगळ्यांनी मिळून भार वाहायचा. म्हणजे रनिंग बोर्ड कुजला तर ती शोभेची पट्टी गेली असं नव्हे, कणाच गेला. आणि दोन्ही बाजूंचे एकदम कापले तर गाडी मधून खचते. मग दार लागत नाही आणि नंतर कितीही रंग मारा, ती कायम तोंड वाकडं करून उभी.

म्हणून आधी मापं. इंजिन उतरवलं, पेट्रोलची टाकी काढून विहिरीपलीकडे नेऊन ठेवली, दरवाजांच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवे-तिरके जोडून घेतले. चौकटीचे कर्ण टेपने मोजून मी जर्नलच्या कोऱ्या पानावर तारखेसह लिहिले. मेस्त्रींना त्याचं हसू आलं. त्यांची पद्धत वेगळी. दार बंद करून फटीतून पोस्टकार्ड फिरवायचं, अडकलं तिथे माप चुकलं. पुढे प्रत्येक जोडानंतर आम्ही दोन्ही केलं, आणि खरं सांगते, पोस्टकार्ड टेपच्या आधी ओरडायचं. चेसिस नंबर कोरलेला पत्रा जिथे आहे, त्याच्या आसपास ग्राइंडर न्यायचा नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं. तो गेला तर आरटीओच्या लेखी गाडीच नाही.

रनिंग बोर्ड कापला तो नोव्हेंबरातला शेवटचा रविवार. ग्राइंडरच्या चकतीने लांबलचक चीर दिली, मेस्त्रींनी छिन्नी सरकवून बाहेरचा पत्रा केळीच्या सोपासारखा सोलला. आत गाळ. दोन वर्षांपूर्वीचा, वाशिष्ठीचा, मऊ, राखाडी. वरून सुकून भेगाळलेला, पण बोट घातलं तर आत गार आणि ओला. नळीतून काढावा तसा तो चार फूट लांब सलग निघाला. त्याच्या कडेला लाल रेघ होती आणि त्याच्या पोटाशी जिथे पत्रा असायला हवा होता, तिथे पत्रा नव्हता. माझी बावीस वर्षांची आकृती तिथे आडवी पडली होती. हवा मिळत होती तिथे डाग, हवा कोंडली होती तिथे खड्डा. पाणी निघून जावं म्हणून रनिंग बोर्डाच्या तळाला कंपनीने भोकं ठेवलेली असतात. ती गाळाने आतून बुजली होती, आणि त्या दहा वर्षांच्या काळ्या कोटाने बाहेरून. त्यापेक्षा कोट न मारता गाडी उन्हात उघडी ठेवली असती तरी बरी राहिली असती. पण माझ्या रागाला फारसा अर्थ नव्हता. गाडी परत आणल्यावर खाली वाकून ती भोकं मीही बघितली नव्हती.

गाळात एक शिंपलीही मिळाली, नखाएवढी. ती नदीची की गुहागरची, यावर भाचा आणि आई यांच्यात अजून एकमत नाही.

दुसरा शोध ड्रायव्हरच्या पायाखाली लागला. रबरी मॅट, त्याखाली गोणपाट, त्याखाली डांबराचा थर. तो हीट गनने मऊ करून खरवडताना निळा रंग दिसू लागला. निळ्यावर पिवळं काहीतरी. अजून खरवडलं तर अक्षरं: 'तकें मिळती'. मी बघतच राहिले. चौदा रिव्हेट मारून फ्लोअरच्या भोकावर बसवलेला तो तुकडा आमच्या दुकानाच्या जुन्या पाटीचा होता. 'सर्व इयत्तांची पुस्तकें मिळतील', त्यातला मधला भाग.

आईला बोलावलं. ती चष्मा लावून वाकली. "म्हणजे ही वाऱ्याने नव्हती उडाली," ती म्हणाली. १९९६ च्या पावसाळ्यात पाटी वाऱ्याने गेली म्हणून बाबांनी नवी करवून घेतली होती. आईने ते सत्तावीस वर्षं खरं मानलं. बाबांनी गाडीचा पत्रा कुजलाय हे घरात सांगितलं नाही, कारण गाडी विकून टाका असं आई तेव्हा दर आठवड्याला सांगत होती. त्याऐवजी त्यांनी जुनी पाटी कापली, वर डांबर ओतलं, वर गोणपाट, वर मॅट. मडगार्डातली लांबीसुद्धा त्यांचीच असणार. बाबांनी तरी बघितलं असतं, हे मला वाटायचं ना, ते इथे संपलं. बाबांनी बघितलं होतं आणि झाकलं होतं. मला राग यायला हवा होता. पण रिव्हेट अगदी एका रेषेत होत्या, दोन-दोन बोटांच्या अंतरावर, वह्यांच्या गठ्ठ्याला दोरी बांधताना ते गाठी मारायचे तशा.

आणखी एक. त्या तुकड्याच्या आजूबाजूचा मूळ पत्रा चाळणी झाला होता, पाटी मात्र शाबूत. तिला दोन्ही बाजूंनी घट्ट रंग होता ना. मेस्त्री म्हणाले, "ऱ्हाऊ दे का?" पण रंगावर वेल्डिंग धरत नाही, आणि रिव्हेटचा तुकडा भोक झाकतो, भार घेत नाही. काढला. नवा पत्रा आखायला मात्र तोच तुकडा ठेवून कडेने पेन्सिल फिरवली.

परदेशातले व्हिडिओ बघितले तर जुन्या गाडीचा फ्लोअर खोक्यात घालून घरपोच येतो. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं, आपल्याला कोण देणार? आठ बाय चारचा एक मिलिमीटरचा सीआरसी, म्हणजे थंड लाटलेला, पत्रा आणला, साधारण २३ किलोचा. त्यातून सगळं घडवायचं. आधी पुठ्ठ्याचं माप, लग्नपत्रिकांचा पुठ्ठा यासाठी उत्तम. मग पत्र्यावर आखणी, कात्री, आणि कडा दुमडायला दोन अँगलांमध्ये पत्रा पकडून लाकडी हातोडी. फ्लोअरला मूळ ज्या लांब खाचा असतात, त्या दिसायला नक्षी वाटतात, पण त्यांच्याशिवाय पत्रा पायाखाली डब्याच्या झाकणासारखा टकटक वाजतो. त्या आम्ही पाइपवर पत्रा ठेवून ठोकून काढल्या. मूळच्या इतक्या सुबक नाही आल्या.

वेल्डिंग मीच करणार हा माझा हट्ट. सीओटूचं, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारं, वेल्डिंग मशीन भाड्याने आणलं, ०.८ ची वायर. पहिल्या दिवशीचं माझं काम बघून मेस्त्री म्हणाले, "बाई, चिमणी बसली व्हती काय?" पातळ पत्र्याला सलग वेल्डिंग चालतच नाही. तो तापतो, फुगतो, आणि थोडं जास्त थांबलात की भोक. एक टाका इथे, दुसरा वीतभर पलीकडे, तिसरा उलट्या बाजूला, मधे ओलं फडकं. सगळे टाके गार झाले की त्यांच्यामधल्या जागा भरायच्या. आई पडवीतून बघत होती. ती जन्मभर ब्लाउज शिवत आलेली. "आधी कच्चे टाके घालायचे, एवढंच ना," ती म्हणाली, "मग त्यात एवढं काय शिकवतायत तुला?" भोकं भरायची असली की पत्र्याच्या मागे तांब्याची पट्टी धरायची. तांब्याला वेल्डिंग चिकटत नाही, वितळलेलं लोखंड त्यावर टेकतं आणि थिजतं. त्यासाठी आईने गळका तांब्याचा गडू दिला, मेस्त्रींनी तो ठोकून सपाट केला. त्या वर्षी माझ्या अंगठ्याला तो गडू तीनदा चटकला.

बिजागऱ्या, ब्रॅकेट, सीटचे रुळ असलं बारीकसारीक मी माझ्या पद्धतीने केलं. निळ्या ड्रममध्ये पाणी, धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जर. गंजलेला भाग ऋण टोकाला, भंगारातली लोखंडी सळई धन टोकाला. भाच्याने सळईऐवजी आईचा स्टीलचा डाव लटकवायचं ठरवलं होतं, मी धावत जाऊन हिसकावला. स्टेनलेस स्टीलमधलं क्रोमियम पाण्यात विषारी होऊन उतरतं. ड्रम उघड्यावरच हवा, कारण बुडबुडे हायड्रोजनचे. दुसऱ्या दिवशी बिजागरी काळी होऊन निघते, ब्रशने घासली की खाली राखाडी लोखंड. कारखान्यात मारलेला ठसासुद्धा वाचता येतो. अकरावीच्या पोरांना एकदा घरी बोलावून हे दाखवलं. त्या दिवशी एकाही पोराने मोबाइल काढला नाही. नाही, काढले, पण शूटिंगला.

सगळ्यात मोठी चूक जानेवारीत झाली. मागच्या फ्लोअरचा नवा तुकडा घासूनपुसून आरशासारखा केला, अंधार पडला म्हणून प्रायमर उद्यावर ढकलला. सकाळी येऊन बघते तर त्याच्यावर नारिंगी पंजा. पाच बोटं, तळहात, हृदयरेषा वगैरे सगळं. निघताना मी टेकून उठले होते, हाताच्या घामातलं मीठ रात्रभर कामाला लागलं. तेव्हापासून नियमच केला, उघडा पत्रा रात्री ठेवायचा नाही आणि कापसाचे मोजे घातल्याशिवाय हात लावायचा नाही. जूनमध्ये काम बंद. इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा कपाटातल्या चपलाही बुरसतात, मग उघड्या लोखंडाचं काय सांगावं?

खालून काम करायला गाडी कुशीवर करायची होती. परदेशात म्हणे तिला कोंबडीसारखं सळईवर फिरवायचं यंत्र असतं. आमच्याकडे आळीतली दहा पोरं होती. एका बाजूला जुने टायर आणि काथ्याची गादी पसरली, आणि शिमग्याच्या पालखीची सवय असलेल्या त्या खांद्यांनी नुसती बॉडी उचलून अलगद आडवी केली. एकाने सवयीने दोन पावलं नाचवलीही. आई ओरडली.

मागच्या डाव्या मडगार्डाचा खालचा वळणाचा भाग आमच्याने घडेना. तीनदा केला, तीनदा फेकला. मुंबईत ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी मुदत संपून रस्त्यावरून गेली, तेव्हा लोकांनी हळहळून फोटो टाकले होते. भाच्याच्या डोक्यात ते होतं. कुर्ल्याच्या भंगारात दोन शनिवार घालवून त्याने एक मडगार्ड शोधून आणलं. बाहेरून काळं, आतून कुठेकुठे पिवळ्या रंगाचे शिंतोडे. आम्हाला हवा होता तो वीतभर भाग एकदम ठणठणीत. तो कापून आमच्या गाडीला जोडला. काळा रंग फक्त जोडापुरता घासला, आतला तसाच ठेवला. बाहेरून क्रीम येईल तेव्हा कोणाला कळणार नाही. डिकीचा अस्तराचा पुठ्ठा काढला तर कळेल.

रंगाबद्दल थोडक्यात. जोडांवर जस्ताचा प्रायमर, वर रेड ऑक्साइड, सांध्यांमध्ये सीलर, पोकळ भागांत लांब नळीच्या पिचकारीने मेण. मेस्त्रींचं म्हणणं जुनं इंजिन ऑइल ओता, फुकटात होतं. मी म्हटलं रबर फुगेल. दोन दिवस अबोला होता. वेल्डिंगचे खालचे उंचवटे मी घासून सपाट केले नाहीत. वर, दिसतं तिथे, केले आणि तिथे मिलिमीटरभर लांबीही भरली. लांबीला माझा विरोध नाही, ती पत्र्यावर असावी, पत्र्याऐवजी नसावी. पण खालचे टाके दिसू देत. पुढे कोणी जॅक लावायला वाकेल, तेव्हा त्याला समजेल इथे काय झालं होतं. गाडीला पन्नास वर्षं २०३३ मध्ये होतील, म्हणजे सरकारी व्याख्येत ती व्हिंटेज होईल. तोवर दर पाच वर्षांनी फिटनेसला न्यायचीच आहे.

२०२५ च्या मेअखेरीस, पाऊस दारात असताना, गाडी टेकूच्या घोड्यांवरून उतरवली. दोन्ही बाजूंनी पोस्टकार्ड सुळकन फिरलं. रंग अजून लागायचा होता, सगळी गाडी विटकरी. मेस्त्री म्हणाले, आता पाणी घाला. मॅट नाही, सीट नाही, उघड्या फ्लोअरवर मी बादलीने पाणी ओतलं, दारांच्या पोटात ओतलं, काचेखालच्या खाचेत ओतलं. भाचा खाली आडवा होऊन मोजत होता. "एक चालू. दोन. तीन. मावशी, ही तर धो धो." रनिंग बोर्डांची सगळी भोकं एकामागून एक गळू लागली आणि अंगणातल्या धुळीत गाडीच्या आकाराची ओली चौकट उमटली. आई म्हणाली, "गळतेय म्हणून आनंद झालेला मी पहिल्यांदाच बघतेय."

"मागच्या सीटखालचं एक बंद आहे," भाचा म्हणाला.

मागच्या सीटखालची आडवी पोकळ पट्टी. ती ठोकल्यावर टण् वाजली होती म्हणून आम्ही उघडली नव्हती. मी वायर वाकवून भोकात घातली, फिरवली, ओढली. क्षणभर काहीच आलं नाही. मग एक थेंब, मग धार. राखाडी, मऊ, ओळखीची.

भाचा खालून बाहेर आला. मेस्त्रींनी गुडघ्यावर हात ठेवून उठत स्क्रूड्रायव्हर उलटा धरला आणि माझ्याकडे खडूसाठी हात पुढे केला.